फ्लॅपचं ऑपरेशन आणि प्रत्येकाच्या वेगळ्या रक्तवाहिन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोंडाच्या कॅन्सरनंतर जबडा पुन्हा बांधायचा असतो. अपघातात नडगीवरची कातडी आणि मांस गेलेलं असतं. स्तन काढल्यावर नवा घडवायचा असतो. अशा वेळी शरीराच्या एका भागातली कातडी, चरबी, स्नायू किंवा हाड दुसरीकडे नेऊन बसवतात. पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि प्लास्टिक सर्जरी शिकणारे विद्यार्थी याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतले रक्तवाहिन्यांच्या रचनेबद्दलचे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांसाठी आहेत, पुढचे हळूहळू अवघड होत जातात. तुमच्या ऑपरेशनचा निर्णय मात्र तुमचे रिपोर्ट हातात असलेल्या सर्जनशी बोलूनच घ्या.

१. फ्लॅप आणि ग्राफ्ट यात फरक काय? दोन्हीत कातडीच लावतात ना?

ग्राफ्टमध्ये कातडीचा पातळ पापुद्रा काढून जखमेवर पसरतात. त्याला स्वतःची रक्तवाहिनी नसते. पहिले काही दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो, मग खालून बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरतात. त्यामुळे खालची जमीन जिवंत आणि रक्ताने भरलेली लागते. उघडं पडलेलं हाड, उघडा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) किंवा किरणोपचाराने करपलेली जागा यांवर ग्राफ्ट सहसा धरत नाही.

फ्लॅप आपला रक्तपुरवठा सोबत घेऊन येतो. त्याला एक देठ असतो. देठातली धमनी रक्त आणते आणि शीर ते परत नेते. देठ न तोडता फ्लॅप शेजारच्या जागेवर वळवला तर तो पेडिकल्ड फ्लॅप. देठ कापून फ्लॅप दूरच्या जागी नेला आणि तिथल्या धमनी-शिरेला मायक्रोस्कोपखाली जोडला तर तो फ्री फ्लॅप. जोडायच्या वाहिन्या बहुतेक वेळा दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या असतात आणि टाक्यांचा धागा केसाहून बारीक असतो. या पानावरची सगळी चर्चा त्या देठाभोवती फिरते.

२. रक्तवाहिन्या सगळ्यांच्या सारख्याच नसतात का? पुस्तकात तर एकच चित्र असतं.

एकाच झाडाची दोन पानं उजेडात धरून पाहा. मधली शीर दोन्हींत तीच असते, पण फाटे कुठून फुटतात आणि कुठवर जातात हे दोन्हींत जुळत नाही. माणसाचंही तसंच आहे. मोठ्या धमन्या बऱ्याच अंशी ठरलेल्या जागी असतात. त्यांच्या शाखा कुठून निघतात, स्नायूच्या आतून जातात की दोन स्नायूंमधून, किती खोल आणि किती जाड असतात, यात माणसागणिक फरक पडतो. एखादी शाखा मुळातच नसते आणि तिचं काम शेजारीण करते.

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. एक वाहिनी बारीक असेल तर बाजूची सहसा जाड असते. त्या भागातल्या पेशींना लागणारं रक्त कुठून ना कुठून पोचलेलं असतंच. पुस्तकातली वाहिनी सापडली नाही म्हणून जाणता सर्जन हताश होत नाही. ते रक्त कुठल्या वाटेने आलं आहे, याचा तो शोध घेतो.

३. असं वेगळेपण येतं तरी का?

गर्भात रक्तवाहिन्या आधी बारीक नळ्यांच्या जाळ्यासारख्या असतात. हात-पाय वाढू लागतात तसं या जाळ्यातल्या काही वाटांनी जास्त रक्त वाहतं आणि त्या रुंदावत जातात. बाकीच्या आक्रसतात, कित्येक नाहीशा होतात. कुठली वाट टिकेल हे बहुतेकांत एकाच धर्तीवर ठरतं, काहींत थोडं निराळं.

हातातलं एक उदाहरण. गर्भाच्या हाताला काही काळ मीडियन नावाची धमनी रक्त पुरवते. साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास ती मागे हटते आणि रेडियल व अल्नार या दोन धमन्या काम हाती घेतात. काही जणांत मात्र मीडियन धमनी आयुष्यभर राहते आणि तळहातापर्यंत पोचते. पायात गर्भावस्थेतली मूळ धमनी मांडीच्या मागून उतरते. पुढे ती बरीचशी लोपते, पण तिचा खालचा वारसा पेरोनियल धमनीच्या रूपाने पोटरीत राहतो. पोटरीतल्या तीन धमन्यांपैकी पेरोनियल क्वचितच गैरहजर का असते, ते यावरून कळतं. हा मुद्दा प्रश्न ९ मध्ये कामाला येणार आहे.

४. माझ्या सीटी रिपोर्टमध्ये धमनीच्या रचनेत वेगळेपण असल्याचं लिहिलं आहे. हा आजार आहे का?

नाही. ती रचना जन्मापासून आहे आणि आजवर तिने तुमचं काम व्यवस्थित केलं आहे. तिच्यासाठी औषध किंवा ऑपरेशन लागत नाही. तिचं महत्त्व फक्त अशा वेळी वाढतं, जेव्हा कुणी तिच्या शेजारची धमनी काढायला निघतो किंवा त्या जागी सुई-नळी घालतो. म्हणून रिपोर्ट जपून ठेवा. पुढे तो कधी लागेल ते प्रश्न २० मध्ये सांगितलं आहे.

५. डॉक्टर सतत ‘परफोरेटर’ म्हणतात. तो काय असतो? अर्ध्या मिलिमीटरवरून एवढी चर्चा का?

खोलवरच्या धमनीपासून निघून, स्नायू किंवा स्नायूंमधला पडदा भेदून कातडीपर्यंत येणारी छोटी वाहिनी म्हणजे परफोरेटर. ऑस्ट्रेलियातले सर्जन इयन टेलर आणि त्यांचे सहकारी पामर यांनी १९८७ मध्ये मृतदेहांच्या अभ्यासातून दाखवलं की, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड असे परफोरेटर एका शरीरात सरासरी ३७४ असतात. एकेक मूळ धमनी शरीराच्या ज्या तुकड्याला रक्त देते त्याला त्यांनी अँजिओसोम म्हटलं. शेजारशेजारच्या अँजिओसोमच्या हद्दीवर बारीक, चिंचोळ्या वाहिन्या असतात. एका बाजूचं रक्त दुसऱ्या बाजूला जायचं तर त्यांच्यातून जावं लागतं.

आता जाडीचं. नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. लांबी आणि दाब तेवढाच धरला तर एक मिलिमीटरच्या वाहिनीतून अर्ध्या मिलिमीटरच्या वाहिनीपेक्षा सोळापट रक्त जाऊ शकतं. जिवंत, लवचिक धमनीत गणित इतकं काटेकोर उतरत नाही, पण कल मात्र हाच असतो. चार बारीक परफोरेटर घ्यावेत की एकच जाड, या वादात माझं मत बहुतेक वेळा एका जाड परफोरेटरकडे झुकतं. अपवाद प्रश्न १२ मध्ये आहे.

६. ऑपरेशनआधी या वाहिन्या कशा शोधतात? साधा डॉप्लर पुरतो की सीटी हवाच?

हातात धरायचा डॉप्लर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र, स्वस्त आणि सुटसुटीत आहे. त्याचा आवाज ऐकून कातडीवर खुणा करता येतात. पण खालून जाणाऱ्या मोठ्या धमनीचा आवाजही तो परफोरेटर म्हणून ऐकवतो आणि वाहिनीची जाडी किंवा उगम सांगत नाही. रंगीत डॉप्लर सोनोग्राफी हे सगळं दाखवते, शिवाय रक्त किती वेगाने वाहतं तेही. तिची मदार मात्र करणाऱ्याच्या हातावर आणि सवडीवर असते. सीटी अँजिओग्राफीत शिरेतून रंगद्रव्य देऊन पूर्ण नकाशा मिळतो आणि तो सगळ्या टीमला एकत्र बसून पाहता येतो. त्याबदल्यात किरणोत्सर्ग होतो आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. मूत्रपिंडाचा त्रास, रंगद्रव्याची अ‍ॅलर्जी किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिनसारखी गोळी चालू असेल तर आधी नक्की सांगा. अशा वेळी एमआर अँजिओग्राफीचा, म्हणजे एमआरआय यंत्रावर काढलेल्या रक्तवाहिन्यांच्या नकाशाचा, विचार होतो.

प्रत्येक फ्लॅपला सीटी लागत नाही. पोटाचा परफोरेटर फ्लॅप आणि फिब्युला (पायातल्या हाडाचा फ्लॅप) यांसाठी मी तो आग्रहाने मागतो, मांडीसाठी बऱ्याचदा डॉप्लरवर भागतं. एक तपासणी ऐन ऑपरेशनमध्येही होते. इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याने पाहिलं की फ्लॅपचा कुठला भाग उजळतो आणि कुठला काळा राहतो ते मिनिटाभरात दिसतं.

७. हाताच्या पुढच्या भागातून फ्लॅप घेताना मनगटाची धमनीच काढतात म्हणे. मग पंजाला रक्त कोण देणार?

मनगटाजवळ जिथे नाडी पाहतात ती रेडियल धमनी. या फ्लॅपमध्ये ती खरोखरच काढून नेतात. करंगळीच्या बाजूने अल्नार धमनी येते आणि तळहातात या दोघींना जोडणाऱ्या कमानी असतात. एक गेली तरी दुसरी कमानीतून सगळ्या बोटांपर्यंत पोचते, हे गृहीत धरून हा फ्लॅप घेतात.

पण कमान सगळ्यांत पूर्ण नसते. कोलमन आणि अ‍ॅन्सन यांनी १९६१ मध्ये ६५० हातांचा अभ्यास केला, त्यात वरवरची कमान ७८.५ टक्के हातांत पूर्ण होती. उरलेल्यांत बऱ्याचदा खोलवरची कमान सांभाळून घेते, म्हणून हा फ्लॅप घेतल्यावर पंजाला धोका होणं दुर्मीळ आहे. तरीही आपला पेशंट त्या दुर्मिळांतला नाही हे पाहिल्याशिवाय धमनी कापणं मला मान्य नाही.

यासाठी अ‍ॅलन टेस्ट करतात. एडगर अ‍ॅलन यांनी ती १९२९ मध्ये मांडली आणि पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. मूठ घट्ट आवळायला सांगून दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ सैल सोडायला सांगायची आणि फक्त अल्नार मोकळी करायची. तळहाताला, विशेषतः अंगठा आणि तर्जनीला, लाली किती सेकंदांत येते ते मोजायचं. पाच-सात सेकंदांत आली तर उत्तम. बोटं फार ताणून उघडली तर चांगला हातही पांढरा दिसतो, म्हणून हात सैल हवा. शंका उरली तर अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून किंवा डॉप्लरने पुन्हा तपासतात.

खरी शेवटची परीक्षा ऑपरेशनमध्येच होते. रेडियल धमनी कापण्याआधी तिला चिमटा लावायचा, रक्त थांबवण्यासाठी दंडावर आवळलेला पट्टा सोडायचा आणि अंगठा-तर्जनी गुलाबी राहतात का ते पाहायचं. राहिली नाहीत तर फ्लॅप दुसरीकडून घ्यायचा, किंवा फ्लॅप घेऊन शिरेचा तुकडा लावून धमनी पुन्हा जोडून द्यायची.

८. ‘या हाताला सुई टोचू देऊ नका’ असं लिहून का ठेवतात?

एक कारण साधं आहे. फ्लॅपसाठी त्या हातावरच्या वरवरच्या शिरा लागतात आणि सलाईनच्या सुयांनी त्या कडक होऊन बंद पडतात. वॉर्डमधल्या सगळ्यांना कळावं म्हणून हातावर पट्टी किंवा खूण करतात. भरती होतानाच कोणत्या हातातून फ्लॅप घ्यायचा ते ठरलं असेल तर नातेवाइकांनीही यावर लक्ष ठेवावं.

दुसरं कारण रचनेचं आहे. थोड्या लोकांत अल्नार धमनी नेहमीसारखी स्नायूंच्या खाली न जाता त्यांच्या वरून, कातडीच्या लगत उतरते. ती शिरेसारखी दिसते. तिच्यात चुकून औषध गेलं तर बोटांचं मोठं नुकसान होऊ शकतं. फ्लॅप काढताना तर ती नेमकी सुरीच्या पातळीवर येते. रेडियल फ्लॅपसोबत जायची आणि अल्नार चुकून कापली गेली तर पंजाच्या दोन्ही वाटा बंद. म्हणून काप घेण्याआधी कोपरापासून मनगटापर्यंत बोटांनी चाचपून पाहावं. वरवर काही उडताना लागलं तर ती शीर नव्हे. विद्यार्थ्यांना मी हे दर वेळी करायला लावतो, कारण याला अर्धं मिनिट लागतं.

९. जबड्यासाठी पायातलं हाड घेणार आहेत. पायाच्या रक्तपुरवठ्याला धोका नाही ना?

फिब्युला हे नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. शरीराचा भार मुख्यतः नडगीचं हाड पेलतं, त्यामुळे फिब्युलाचा मधला भाग काढला तरी माणूस चालतो. गुडघा आणि घोटा पक्के राहावेत म्हणून दोन्ही टोकांना साधारण सहा सेंटिमीटर किंवा जास्त हाड शिल्लक ठेवतात. टेलर यांनी १९७५ मध्ये हे हाड रक्तवाहिनीसह दुसरीकडे बसवल्याचं प्रसिद्ध केलं आणि १९८९ मध्ये हिडाल्गो यांनी त्याने जबडा बांधला. आज जबड्यासाठी पहिली निवड बहुधा हीच असते.

या हाडाला पेरोनियल धमनी रक्त देते आणि फ्लॅपसोबत ती जाते. पायाच्या पंजाला रक्त देण्याचं काम एरवी दुसऱ्या दोघींचं, म्हणजे पुढची टिबियल आणि मागची टिबियल यांचं. साधारण दहापैकी नऊ पायांत ही मांडणी असते. उरलेल्यांत एखादी टिबियल धमनी बारीक असते किंवा अर्ध्यावर संपते आणि पेरोनियल खाली जाऊन तिची जागा घेते. फार थोड्यांत दोन्ही टिबियल दुबळ्या असतात आणि पूर्ण पंजा एकट्या पेरोनियलवर जगतो. हिला पेरोनिया मॅग्ना म्हणतात. अशा पायातून फिब्युला काढला तर पंजा गमावण्याची वेळ येऊ शकते. या पायाला हात लावायचा नाही. दुसरा पाय तपासायचा, किंवा खांद्याच्या फऱ्यातून, कमरेच्या हाडातून तुकडा घ्यायचा.

एकच टिबियल दुबळी असेल तर लगेच नकार द्यावा का, यावर सर्जन एकमताचे नाहीत. दुसरी टिबियल धडधाकट असेल तर काही जण पुढे जातात. दुसरा पाय चांगला असताना ही जोखीम घ्यावी असं मला वाटत नाही.

१०. दोन्ही पायांच्या नाड्या छान लागतात. तरीही सीटी अँजिओग्राफी कशाला?

कारण नाडी लागते एवढंच बोटाला कळतं, ती कुणाची ते कळत नाही. पेरोनिया मॅग्नामध्ये पेरोनियल धमनी घोट्याजवळ पुढे किंवा मागे वळते आणि नेहमीच्याच जागी जाऊन उडते. पंजावरची नाडी अगदी ठणठणीत लागते, पण ती ज्या धमनीची आहे तीच आपण काढायला निघालेलो असतो. फक्त नाडी पाहून फिब्युला घेणं धोक्याचं आहे ते यामुळे.

दुसरा धोका जन्मजात नाही, वयाने येतो. मधुमेह, तंबाखू आणि उतारवय यांनी टिबियल धमन्या हळूहळू बंद होत जातात. पेरोनियल तुलनेने बराच काळ उघडी राहते. चांगल्या रचनेचा पायही मग पेरोनियलवर अवलंबून होतो. नियम तोच, कारण वेगळं.

११. मांडीच्या फ्लॅपमध्ये ‘परफोरेटर मिळालाच नाही तर’ असं डॉक्टर म्हणाले. असं होऊ शकतं?

होऊ शकतं, पण क्वचित. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागातला हा फ्लॅप साँग आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडला. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि गुडघ्याच्या वाटीची वरची-बाहेरची कड यांना जोडणारी रेषा आखतात. तिच्या मध्यबिंदूभोवती तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात परफोरेटर बहुतेक वेळा सापडतो. वर्णनात तो दोन स्नायूंमधल्या पडद्यातून येतो असं वाचून विद्यार्थी निर्धास्त होतात. प्रत्यक्षात बहुसंख्य परफोरेटर बाहेरच्या स्नायूच्या आतून वाट काढत येतात आणि तो स्नायू तंतूगणिक उसवून त्यांना मोकळं करावं लागतं. तासभर जादा धरून चालावं.

उगमही बदलतो. मुख्य वाहिनी बहुतेकांत खोल मांडीधमनीपासून निघते, काहींत थेट मोठ्या मांडीधमनीपासून. परफोरेटर तिच्या उतरत्या शाखेचा असेल तर देठ लांब मिळतो. आडव्या किंवा तिरक्या शाखेचा निघाला तर देठाचं गणित बदलतं. म्हणून पहिला काप एकाच बाजूने, आतल्या कडेने घेतात आणि दुसरी कड परफोरेटर डोळ्यांनी दिसल्यावरच आखतात. मिळालाच नाही तर त्याच कापातून मांडीच्या आतल्या बाजूचा किंवा वरच्या बाजूचा फ्लॅप घेता येतो. आतल्या बाजूचा परफोरेटर अशा वेळी बऱ्याचदा जोरकस निघतो. प्रश्न २ मधल्या शेजारणीचीच ही गोष्ट आहे.

१२. पोटाच्या कातडीतून स्तन घडवताना एकाला दोन तास जास्त लागतात, दुसऱ्याला कमी. का?

कारण पोटाच्या सरळ स्नायूमागून वर येणारी धमनी सगळ्यांत एकसारखी फुटत नाही. मून आणि टेलर यांनी १९८८ मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले: एकच खोड, दोन फाटे, तीन फाटे. दोन फाट्यांचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. दोन फाटे असतील तर परफोरेटरच्या दोन रांगा मिळतात, आतली आणि बाहेरची. आतल्या रांगेचा परफोरेटर बेंबीच्या पलीकडे, पोटाच्या दुसऱ्या अर्ध्यापर्यंत रक्त चांगलं नेतो. बाहेरच्या रांगेचा बऱ्याचदा स्नायूतून कमी अंतर कापतो म्हणून लवकर सुटतो. पण त्याचं रक्त आपल्याच बाजूला राहतं आणि स्नायूच्या नसा (मज्जातंतू) त्याच्या आसपास गुंतलेल्या असतात.

मोठा फ्लॅप हवा असेल आणि एकही परफोरेटर पुरेसा जाड नसेल, तर एकाच रांगेतले दोन घेतात. प्रश्न ५ मधला अपवाद हाच. दोन वेगळ्या रांगांतले घ्यायचे तर मधला स्नायू कापावा लागतो, मग पोटाची भिंत कमजोर होऊ शकते. सीटीचा नकाशा हाताशी असेल तर हा निर्णय आदल्या दिवशीच होतो.

१३. माझं सिझेरियन झालं आहे. पोटाचा फ्लॅप बाद झाला का?

बहुधा नाही. आडव्या खालच्या कापात वरवरच्या शिरा आणि धमन्या तुटलेल्या असू शकतात, पण स्नायूमागची खोल धमनी सहसा शाबूत असते. वरवरच्या धमनीवर आधारलेला फ्लॅप मात्र घेता येत नाही. ती धमनी तशीही पुष्कळ स्त्रियांत नसते किंवा फार बारीक असते. जास्त काळजी मधल्या उभ्या व्रणाची वाटते. त्याच्या पलीकडे रक्त जाईलच असं नाही, म्हणून बऱ्याचदा अर्ध्याच पोटाचा फ्लॅप धरतात. बरगड्यांखालचा तिरका व्रण आणि पूर्वी काढलेली पोटाची चरबी यांचीही आठवण करून द्या. हर्नियाची जाळी बसवली असेल तर तेही सांगा.

१४. सगळे धमनीबद्दलच बोलतात. शिरांचं काय?

फ्री फ्लॅप वाया जातो तेव्हा धमनीपेक्षा शिरेत गुठळी झालेली असण्याची शक्यता जास्त असते. आणि रचनेतलं वेगळेपण शिरांत धमन्यांपेक्षा जास्त असतं. साधारणपणे प्रत्येक मध्यम धमनीसोबत दोन शिरा धावतात, पण त्या मध्येच एक होतात, पुन्हा दुभंगतात, एक दोऱ्याएवढी बारीक निघते.

पोटाच्या कातडीचं रक्त एरवी मुख्यतः वरवरच्या शिरेने परत जातं. फ्लॅप उचलला की तेच रक्त परफोरेटरसोबतच्या शिरांतून खाली न्यावं लागतं. वरची आणि खोलची यंत्रणा जोडणाऱ्या वाटा काही जणांत पुरेशा नसतात. मग धमनी उत्तम चालू असतानाही फ्लॅप जांभळा पडून तटतटतो. वरवरची शीर फार जाड दिसली की हा इशारा समजावा. म्हणून ती सुरुवातीलाच दोन-चार सेंटिमीटर लांब सोडवून जपून ठेवतात. फ्लॅप फुगला तर तीच दुसरी वाट म्हणून जोडतात.

१५. फ्लॅप जिथे बसवायचा तिथल्या रक्तवाहिन्यांतही असे फरक असतात का?

असतात. मानेत जिभेची आणि चेहऱ्याची धमनी काहींत एकाच खोडातून निघतात. छातीत उरोस्थीशेजारची (मधल्या हाडाशेजारची) शीर डावीकडे सहसा उजवीपेक्षा बारीक असते आणि वरच्या बरगड्यांकडे जावं तशी जाड मिळते. किरणोपचार किंवा आधीच्या ऑपरेशनने मान उसवलेली असेल तर जन्मजात रचनेपेक्षा व्रणच जास्त अडवतो. तेव्हा दुसऱ्या बाजूच्या मानेपर्यंत पोचेल असा लांब देठाचा फ्लॅप निवडावा लागतो.

१६. एका पायाचा सीटी पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो का?

नाही. परफोरेटरच्या जागा उजव्या-डाव्या बाजूंना जुळत नाहीत. मोठ्या धमन्यांत एका पायात वेगळेपण असेल तर दुसऱ्यात असण्याची शक्यता वाढते, पण खात्री नाही. दोन्ही एकदमच तपासून घ्यावेत.

१७. संमतीपत्रावर दोन-तीन जागांची नावं लिहिली आहेत. डॉक्टरांना खात्री नाही, म्हणून का?

ही उत्तम तयारीची खूण आहे. तपासणी कितीही चांगली असली तरी काही गोष्टी उघडल्यावरच कळतात. तोवर तुम्ही भुलीखाली असता, विचारायची सोय नसते. म्हणून दुसरी जागा आधीच ठरवून, तुम्हाला सांगून, धुऊन-आखून तयार ठेवतात.

सापडलेली वेगळी रचना वापरताही येते. जिथे जोरकस परफोरेटर दिसतो तिथून उलट मूळ धमनीकडे त्याचा माग काढत जायचं आणि त्याच्याभोवती फ्लॅप आखायचा, या पद्धतीला फ्रीस्टाइल फ्लॅप म्हणतात. वेई आणि मार्दिनी यांनी २००४ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. हाताला सवय असेल तरच हे करावं. अगदीच शंका आली तर फ्लॅप अर्धवट सोडवून पुन्हा जागेवर शिवतात आणि आठवडा-दोन आठवडे थांबतात. तेवढ्या काळात प्रश्न ५ मधल्या चिंचोळ्या वाहिन्या रुंदावतात आणि फ्लॅपचा अधिक मोठा भाग जगतो. थांबलेल्या ऑपरेशनने नातेवाईक घाबरतात, हे मी समजू शकतो. पण तो पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय असतो.

१८. ऑपरेशननंतर फ्लॅपचा रंग बदलला तर कशाची खूण?

पांढरट, गार, दाबून सोडल्यावर सावकाश भरणारा फ्लॅप म्हणजे धमनी अडली. जांभळट, फुगलेला, दाबून सोडताच झटकन भरणारा आणि टोचल्यावर काळसर रक्त देणारा म्हणजे शीर अडली. पहिले तीन दिवस सर्वांत नाजूक, म्हणून सुरुवातीला तासातासाला तपासतात. रात्री दोन वाजता रंग वेगळा वाटला तरी सकाळची वाट पाहू नका, नर्सना लगेच बोलवा. गुठळी लवकर कळली तर पुन्हा उघडून फ्लॅप वाचवता येतो. फक्त टोकाची पट्टी काळी पडत असेल तर देठ बहुधा ठीक आहे. हद्दीपलीकडच्या अँजिओसोमला रक्त पुरलेलं नाही. तेवढा भाग नंतर काढतात.

१९. मी प्लास्टिक सर्जरी शिकतो आहे. प्रत्येक वेगळेपणाची टक्केवारी पाठ करू का? प्रत्येक पेपरमध्ये वेगळी आहे.

वेगळी असणारच. कुणी मृतदेहांत रंग भरून मोजलं, कुणी सीटीवर, कुणी ऑपरेशनमध्ये. ‘बारीक’ म्हणजे किती हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. आकड्यांऐवजी तीन गोष्टी पक्क्या कर: या फ्लॅपमध्ये कोणती एक रचना चुकली तर हात किंवा पाय जाऊ शकतो, ती आधी कशी ओळखायची, आणि ओळखली तर पुढे काय करायचं. रेडियलसाठी अपुरी कमान आणि वरवरची अल्नार, फिब्युलासाठी पेरोनिया मॅग्ना. बाकी बहुतेक वेगळेपणांनी फ्लॅप अडचणीत येतो, अवयव नाही. हा भेद डोक्यात स्पष्ट असू दे. आणि प्रत्येक ऑपरेशननंतर, दमला असलास तरी, दिसलेल्या वाहिन्यांचं चित्र त्याच दिवशी वहीत काढ.

२०. सगळं बरं झालं, वर्षं उलटली. आता या माहितीचा काही उपयोग आहे का?

आहे. हातातून रेडियल धमनी दिली असेल तर त्या पंजाचा मुख्य आधार आता अल्नार धमनी आहे. हृदयाची अँजिओग्राफी मनगटातून करतात, रक्तातला वायू तपासायला मनगटातूनच रक्त घेतात. त्या हाताला या गोष्टी करू देऊ नका, दुसरा हात पुढे करा. फिब्युला दिलेल्या पायावर पुढे कधी धमनीची बायपास करायची वेळ आली तर तिथे पेरोनियल नाही हे त्या सर्जनला आधी कळायला हवं. पोटाचा फ्लॅप घेतला असेल आणि पुढे पोटाचं दुसरं ऑपरेशन ठरलं, तर कोणत्या बाजूची धमनी गेली आहे ते सांगा. मानेत किंवा छातीत फ्लॅपचा देठ असेल तर तिथे गाठ काढणाऱ्या किंवा नळी घालणाऱ्या डॉक्टरांना जुना ऑपरेशनचा कागद दाखवा. त्या कागदाचा आणि सीटी रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही ठेवा.